पाण्याखालचं लाकूड

पाण्याला वजन असतं, हे लोणावळ्यालगतच्या वलवणच्या माणसाला वेगळं सांगावं लागू नये. गावाला लागूनच टाटांचं धरण आहे. 1911 साली लोणावळ्यात त्यांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली आणि 1915 मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. इंद्रायणीच्या माथ्याकडे पडणारा पाऊस तलावांत साठवायचा, कालव्याने खंडाळ्याकडे न्यायचा आणि तिथून नळांवाटे घाटाखाली पाचशे मीटरहून जास्त खोल सोडायचा, अशी ती योजना. त्या पडत्या पाण्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाण्याच्या वजनाचं मोल इतक्या नेमकेपणाने ओळखलेलं दुसरं गाव मला तरी पटकन आठवत नाही.

आणि तरीही इथे काय, पुण्यात काय, घरात काचेची मोठी टाकी आणायची ठरली की सगळी चर्चा मासे, दिवे, फिल्टर आणि वाळूचा रंग यांचीच होते. टाकी ठेवायची कशावर, हा प्रश्न शेवटी निघतो. मग दुकानदार लोखंडी अँगलचा स्टँड देतो, नाहीतर घरातलंच एखादं कपाट किंवा टीव्हीचं युनिट रिकामं केलं जातं. मला या उपेक्षेची मनापासून खंत वाटते. टाकी फुटली तर काच बदलता येते, मासे गेले तर दुःख होतं पण नवे आणता येतात. खालचं लाकूड चुकलं तर मात्र सगळंच एका क्षणात जमिनीवर येतं. आणि हे लाकूड बरोबर बसवायचं ज्ञान मावळातल्या सुतारांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते वापरलं जात नाही, एवढंच.

आधी हिशेब करू, कारण तो कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही. टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच धरा. चोवीस घनफूट. एका घनफुटात 28 लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ भरली तर 680 लिटर. वरची रिकामी जागा, वाळू आणि दगड वजा केले तरी 600 लिटर, म्हणजे 600 किलो पाणी राहतंच. 12 मिलिमीटर जाडीची काच धरली तर नुसत्या काचेचं वजन 120 किलोच्या पुढे जातं. तळाशी दोन इंच वाळू पसरली की ती 90 किलो. वर दगड, झाकण, दिवे. असे साडेआठशे ते नऊशे किलो एका बारा चौरस फुटांच्या तुकड्यावर रात्रंदिवस, वर्षानुवर्षं उभे राहणार. माणसं पलंगावर बसतात आणि उठतात. टाकी कधीच उठत नाही. लाकूड सतत ओझ्याखाली राहिलं की हळूहळू, कायमचं वाकत जातं. म्हणून एका दिवसात तपासून पास झालेला स्टँड पाच वर्षांनीही पास होईलच असं नाही.

पुढच्या लांब काचेवर पाण्याचा आडवा दाब किती? पाणी दोन फूट खोल असेल तर सुमारे 340 किलो. हा आकडा टाकीच्या रुंदीवर अवलंबून नाही. टाकी दोन फूट रुंद असो की वीस फूट, काचेला फक्त पाण्याची खोली कळते. वलवणच्या धरणालाही हाच नियम लागू आहे: मागे तलाव किती दूरवर पसरलाय याने भिंतीवरचा दाब ठरत नाही, तो भिंतीशी पाणी किती खोल आहे यावर ठरतो. म्हणून धरण तळाशी जाड असतं. काच मात्र वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची असते आणि तिला स्वतःला वाकणं बिलकूल सोसत नाही. तळ दोन मिलिमीटर जरी पिळला गेला तरी ताण काचेच्या कोपऱ्यात आणि सिलिकॉनच्या सांध्यात साठत जातो. एखाद्या रात्री, कुणाचा हात लागलेला नसताना, काच तडकते ती अशी.

आता मला जे म्हणायचं आहे ते सांगतो. वजन पेलणं ही लाकडाची अडचण नाही. तीन इंच बाय तीन इंच चौकोनी पायाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 58 चौरस सेंटीमीटर भरतं. अगदी हात राखून, दर चौरस सेंटीमीटरला 50 किलो एवढाच भार धरला तरी असा एकच आखूड पाय अडीच टनांपेक्षा जास्त पेलतो. चार पाय दहा टन. सागाची खरी ताकद याहून बरीच जास्त आहे. तेव्हा लोक पाय जाड करण्यावर जो पैसा घालतात, तो बहुतेक वाया जातो. स्टँड पडतो तो तीन कारणांनी: वजन लाकडाऐवजी स्क्रूवर येतं, चौकट आडव्या धक्क्याने तिरकी होते, आणि ओल आत शिरते. लोणावळ्यात तिसरं कारण पहिल्या दोघांना भारी आहे.

पहिल्या कारणाचं उत्तर जुन्या वाड्यात उभं आहे. वाड्याचा खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, खांबाच्या माथ्यावर तुळई बसते, तुळईवर वरचा मजला. खांबाच्या टोकाला कुसू काढलेलं असतं, ते तुळईच्या खाचेत जातं. ते कुसू तुळईला जागेवर धरतं, पण ओझं सगळं लाकडावरून लाकडावर, तिथून दगडावर आणि दगडावरून जमिनीत उतरतं. वाटेत कुठेही एखाद्या खिळ्याला ‘आता तू धर’ असं सांगितलेलं नसतं. टाकीचा स्टँड म्हणजे वाड्याचा एक खणच समजावा. वरची आडवी पट्टी पायांच्या बाजूला स्क्रूने टांगायची नाही, ती पायांच्या माथ्यावर टेकवायची. किंवा पायाला खाच पाडून पट्टी त्या खाचेत बसवायची. स्क्रू आणि सरस यांनी फक्त सांधा जागेवर धरायचा. बाजारातले कितीतरी तयार स्टँड नेमके इथेच चुकतात: दिसायला भरभक्कम पाटे, आणि सगळा भार चार-आठ स्क्रूंच्या मानेवर.

आडव्या पट्टीबद्दल दोन गोष्टी. पट्टी नेहमी उभी ठेवायची, छपराचा वासा ठेवतात तशी. दोन बाय चार इंचांची पट्टी आडवी झोपवली तर ती उभ्या पट्टीच्या चारपट वाकते. आणि सहा फुटी स्टँडला मधला पाय हवाच, पुढेही आणि मागेही. पुढचा मधला पाय आला की खालच्या कपाटाच्या दाराची रुंदी जाते, म्हणून घरमालक तो काढायला सांगतात. हिशेब असा आहे: सागाची दोन बाय चारची पट्टी दोन टोकांवर सहा फूट मोकळी ठेवली, तर या टाकीच्या अर्ध्या ओझ्याखाली ती मधोमध सात-आठ मिलिमीटर खचते. मध्ये पाय आला की तेच खचणं अर्ध्या मिलिमीटरवर येतं. मोकळं अंतर अर्धं केलं की वाक जवळजवळ सोळाव्या हिश्शावर येतो, असा तुळईचा नियमच आहे. एका मधल्या पायाने जे साधतं ते पट्टी दुप्पट जाड करूनही साधत नाही. दार दोन भागांत करा, पण तो पाय काढू नका.

दुसरं कारण हेलकाव्याचं. चौकट कितीही जड असली, तरी चार कोपऱ्यांत नुसते सांधे असतील तर ती बाजूने ढकलल्यावर तिरकी होऊ शकते. मुलं पळतात, कुणी टेकून उभं राहतं, पाणी बदलताना बादली आदळते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला होता, ही आठवण पश्चिम महाराष्ट्रातल्या घरांनी ठेवायलाच हवी. जमीन हलली की टाकीतलं पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झेपावतं आणि तो झटका थेट सांध्यांवर येतो. उपाय स्वस्त आहे. मागच्या बाजूला 12 मिलिमीटरची प्लायवुडची पाठ सरस लावून, सगळ्या कडांनी स्क्रू मारून बसवायची. दोन्ही आखूड बाजूंनाही तसंच. एवढ्याने चौकट आपला काटकोन सोडत नाही. पाठीत नळ्या-वायरींसाठी भोकं पाडावी लागतात. ती गोल पाडावीत आणि कोपऱ्यांपासून लांब ठेवावीत. अख्खी पाठच काढून टाकून फक्त एक तिरपी पट्टी मारण्याची टूम अलीकडे दिसते. माझ्या मते ती मोठ्या टाकीला पुरेशी नाही.

आता तिसरं कारण, ओल, आणि तिच्यासोबत लाकूड. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण मावळाला लाकडाबद्दल जे माहीत आहे ते फार थोड्या मुलखांना माहीत असेल. वलवणहून पुण्याकडे निघालं की थोड्याच अंतरावर कार्ल्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या कमानदार छताला आतून लाकडी फासळ्या आहेत, आणि स्तूपावर लाकडी छत्री आहे. ते लाकूड सुमारे दोन हजार वर्षांचं आहे. फासळ्या छत पेलत नाहीत, छत डोंगराचंच आहे, हे खरं. पण दरवर्षी जिथे चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो अशा प्रदेशाच्या उंबरठ्यावर दोन हजार पावसाळे त्यांनी काढले. कारण दोनच: त्यांच्यावर पाणी पडलं नाही, आणि भोवतीची हवा कोंडली गेली नाही. लाकूड दमटपणाने मरत नाही. ओल आली आणि जायला वाट मिळाली नाही, की ते मरतं.

म्हणून स्टँडसाठी लाकूड निवडताना पहिला प्रश्न जातीचा नसून ते किती सुकलंय याचा असावा. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये सीपी साग, बल्लारशा, आफ्रिकेहून आलेला साग असं सगळं मिळतं. चांगला सुकवलेला, गाभ्याचा साग या कामाला उत्तमच. गाभ्याच्या सागाला वाळवी सहसा लागत नाही. कडेचा पांढुरका भाग मात्र तिला आवडतो, तो तासून काढायला सांगायचा. पण माझं मत विचाराल तर पडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान शोधावं. त्याने शेकडो नसले तरी कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहिलेले असतात, जेवढं वाकायचं तेवढं ते वाकून झालेलं असतं. त्यात दडलेले लोखंडी खिळे मात्र आधी शोधून काढावे लागतात, नाहीतर करवतीचं पातं जातं. सहा फुटी स्टँडच्या चौकटीला, कटाई-छिलाई धरून, साधारण साडेतीन घनफूट लाकूड पुरतं. सागाचा भाव जड वाटला तर ऐन किंवा जांभूळही चालेल, फक्त ते नीट सुकलेलं असलं पाहिजे. ऐन जड आणि हत्याराला कठीण असतो, सुतार थोडा कुरकुरतो.

पावसाळ्यात लोणावळ्याची हवा आठवडेच्या आठवडे भिजलेली असते. अशा हवेत लाकूड आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओलावा धरतं. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी तोच आठ-दहा टक्क्यांवर उतरतो. एवढ्या फरकाने एक फूट रुंदीची सागाची फळी आडवी पाचेक मिलिमीटर फुगते किंवा आकसते. लांबीत मात्र ती जवळजवळ हलतच नाही. सुतारकामाचं अर्धं शहाणपण या एका गोष्टीत आहे. पाय रेषेच्या दिशेने उभा असतो, म्हणून स्टँडची उंची ऋतूप्रमाणे बदलत नाही आणि टाकीची पातळी ढळत नाही. पण वर टाकीखाली रुंद अखंड फळी टाकली आणि ती चारही बाजूंनी घट्ट जखडली, तर ती फुगून मध्ये उठेल किंवा तडकेल, आणि दोन्ही गोष्टी काचेला घातक. म्हणून वरचा तक्ता अखंड लाकडाचा नको, 19 मिलिमीटरच्या मरीन प्लायचा हवा. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे तो कुठल्याच दिशेला फारसा हलत नाही. त्यावर 710 हा भारतीय मानकाचा आकडा छापलेला आहे का ते पाहावं. या वर्गाच्या प्लायला 72 तास उकळत्या पाण्याची कसोटी असते. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांचं नाव वलवणमध्ये काढूच नये. एकदा कडेतून पाणी प्यायलं की ते फुगतात आणि परत कधीच बसत नाहीत.

सरसाबद्दल थोडक्यात. पूर्वी सुतार जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस तापवून वापरत. 1959 मध्ये बाजारात आलेल्या फेविकॉलने ते काम सोपं केलं. पण नेहमीचा पांढरा फेविकॉल पाण्यापुढे सैल पडतो. टाकीच्या स्टँडला त्याचाच मरीन प्रकार घ्यावा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साधे लोखंडी स्क्रू गंजतात, लाकडात काळे डाग पाडतात आणि शेवटी त्यांच्याभोवतीचं लाकूड भुसभुशीत होतं. याच कारणाने इथे लोखंडी अँगलचा स्टँडही मला पटत नाही. त्याचे वेल्ड आणि कोपरे रंगाखालून गंजत जातात, आणि गंज बाहेर दिसेपर्यंत आतलं काम उरकलेलं असतं.

रंग-पॉलिश करताना सगळेजण दर्शनी भागाकडे पाहतात. पाणी मात्र आधी पोहोचतं ते प्लायच्या कापलेल्या कडांना, पायांच्या तळव्यांना आणि नळ्यांसाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्या बाजूला. तिथे दोन हात जास्त मारावेत. कपाटाच्या आतला रंग पांढरा असावा, म्हणजे गळतीचा पहिला थेंब दिसतो. पायांखाली दगडाचे किंवा जाड रबराचे तुकडे हवेत, तळखड्यासारखे, म्हणजे फरशी पुसताना पाय पाणी ओढत नाहीत. स्टँड भिंतीपासून निदान दोन इंच लांब, आणि कपाटाच्या पाठीला वर व खाली हवेची भोकं. हिवाळ्यात वलवणच्या खोल्या बऱ्याच गार पडतात आणि टाकीतलं पाणी हीटरने 25-26 अंशांवर असतं. उबदार पाण्याची वाफ गार काचेवर आणि झाकणाखाली जमून खाली ओघळते, म्हणजे टाकी अजिबात गळत नसली तरी लाकूड रोज थोडं भिजत राहतं. वायरीसुद्धा प्लगकडे जाताना आधी खाली लोंबकळू द्यायच्या आणि मग वर न्यायच्या, म्हणजे वायरीवरून घरंगळलेलं पाणी खालच्या वळणावरून टपकतं, प्लगमध्ये जात नाही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. घरांचे स्लॅब आपल्याकडे साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो वापराचं ओझं धरून आखतात. ही टाकी आपल्या पायाखालच्या जागेवर त्याच्या जवळजवळ चौपट भार टाकते. याचा अर्थ स्लॅब कोसळेल असा नाही, कारण बाकीची खोली मोकळीच असते. पण टाकी खोलीच्या मध्यावर ठेवू नये, तुळईला किंवा भिंतीला धरून ठेवावी, आणि जुनी इमारत असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय सहा फुटांचा विचारच करू नये. लोणावळ्यातल्या जुन्या बंगल्यांचे वरचे मजले काही ठिकाणी लाकडी आहेत. तिथे मोठी टाकी जोत्यावरच्या खोलीतच शोभते.

वलवणमध्ये टाकीचा विषय निघाला आणि महसीर आला नाही, असं होऊ शकत नाही. टाटांच्या इथल्या मत्स्यबीज केंद्रात 1970 च्या दशकापासून दख्खनच्या महसिराची कृत्रिम पैदास झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी या माशाची अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर पाठवण्याची पद्धत बसवली, आणि इथली पिल्लं देशातल्या अनेक पाण्यांत गेली. ज्या जातीचं वर्णन निसर्गअभ्यासक साइक्सने 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून केलं, ती टिकवायला वलवणने मोठा हात लावला, याचा मला अभिमान आहे. त्याच कामाची दुसरी बाजूही अभ्यासकांनी पुढे आणली: कावेरीत सोडलेल्या या महसिराने तिथल्या मूळच्या कुबड्या महसिराला मागे सारलं, आणि तो आता नामशेष होण्याच्या कड्यावर आहे. त्यामुळे दोन गोष्टी ठाम सांगाव्याशा वाटतात. महसीर घरच्या टाकीत ठेवू नये. तो वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा, हातभर वाढणारा मासा आहे, दोन फुटी रुंदीत त्याला नीट वळताही येणार नाही. आणि टाकीतला कुठलाही मासा कंटाळा आला म्हणून ओढ्यात किंवा तलावात सोडू नये. वलवणच्या ओढ्यातला मासा इंद्रायणीला लागतो, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा उजनीला जाते. उजनीच्या जाळ्यांत आज दक्षिण अमेरिकेतला सकर मासा येतो, कुणीतरी घरच्या टाकीतून सोडलेल्या माशांचा तो वारसा आहे आणि त्याचे काटेरी खवले मच्छीमारांची जाळी फाडतात.

स्टँड जागेवर आला की पाणसळ लावायची, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांनी. कमीजास्त असेल तर पाचर पायाखाली द्यायची. टाकी आणि तक्ता यांच्या मध्ये कागद, पुठ्ठा, पाचर काहीही सरकवायचं नाही, तिथे फक्त एकसारख्या जाडीचा फोम किंवा थर्माकोल अखंड पसरायचा. मग टाकी ठेवून एक तृतीयांश पाणी भरायचं आणि रात्रभर थांबायचं. पाण्याची रेघ काचेच्या खालच्या कडेपासून चारही कोपऱ्यांत मोजायची. मोजमाप जुळलं तर पुढची तृतीयांश, पुन्हा रात्र. पूर्ण भरल्यावर पहिला महिनाभर अधूनमधून तीच मोजणी करावी, पायांजवळची फरशी हाताने चाचपावी आणि पाठीच्या प्लायचे सांधे टॉर्चने पाहावेत.

हे काम काढायचं तर दिवाळी ते होळी हा लोणावळ्यातला खरा हंगाम आहे. लाकूड तेव्हा ना भिजलेलं ना करकरीत सुकलेलं असतं. कपाटाच्या दारांना तीन मिलिमीटरची फट ठेवायला सुताराला आग्रहाने सांगावं, कारण त्या दिवसांत ती विनाकारण मोठी वाटते. आषाढ-श्रावणात दार तरीही घासायला लागलं तर लगेच रंधा चालवू नये. पुढच्या दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, पुन्हा पाहावं. तेव्हाही घासत असेल तरच लाकूड काढावं.